जर्मनचे प्रश्न मराठीतून सुटू द्या

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
मा. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, गोंदिया

विषय : जर्मन शिकणाऱ्या ग्रामीण उमेदवारांसाठी मराठी प्रश्नोत्तरी आणि बोलीचा परिचय मिळण्याबाबत

महोदय,

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात सुमारे १०,००० उमेदवार पाठवायचे आणि त्यांना शासनाच्या खर्चाने जर्मन शिकवायचे, असे ठरले. त्यातली मोफत भाषाशिक्षणाची बाजू आपल्या विभागाकडे आली. गोंदियापासून जवळच असलेल्या आमच्या नागऱ्यात ही बातमी पोहोचली, तेव्हा नर्सिंग केलेल्या मुली आणि आयटीआय झालेली मुले कान टवकारून ऐकू लागली. धानाच्या एका हंगामावर घर चालत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

करार चांगला आहे. माझे म्हणणे शिकवण्याच्या वाटेबद्दल आहे. जर्मनची पुस्तके आणि मोबाइलवरचे धडे बहुतेक इंग्रजीच्या आधाराने समजावतात. ज्याचे इंग्रजीच कच्चे आहे, तो मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जर्मनमध्ये जाताना दोनदा घसरतो. खरे तर जर्मनमधल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरे मराठीत आधीच तयार आहेत.

नवशिक्याचा पहिला प्रश्न : नामाला ‘डेर’, ‘दी’, ‘दास’ अशी तीन रूपे कशाला? इंग्रजीवाल्याला हे विचित्र वाटते, हिंदीत दोनच लिंगे आहेत. आपण मात्र तो, ती, ते जन्मापासून म्हणतो. मुलीला जर्मनमध्ये नपुंसकलिंगी शब्द आहे म्हणून जग हसते. आपल्याकडे पोरगं, लेकरू आहेच की! अर्थात प्रत्येक शब्दाचे लिंग जुळेल असे नाही. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, पण सुरी तिकडे नपुंसकलिंगी आणि सूर्य चक्क स्त्रीलिंगी. म्हणून शब्द लिंगासकटच पाठ करायचा, एवढा नियम पुरतो.

दुसरा प्रश्न : ‘मला थंडी वाजते’ कसे म्हणायचे? इंग्रजीवरून जाणारा ‘इश बिन काल्ट’ म्हणतो आणि ‘मी थंड माणूस आहे’ असे काहीतरी सांगून बसतो. जर्मन माणूस म्हणतो, ‘मिअर इस्ट काल्ट’. त्यातला ‘मिअर’ म्हणजे आपले ‘मला’. मराठीवरून गेलो तर वाक्य सरळ हाती लागते.

आकडेही तसेच. इंग्रजीत वीस आधी, एक नंतर. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे ‘आइनउंडत्स्वानत्सिश’, एक आधी आणि वीस मागून, आपल्यासारखेच. ‘कारण मी आजारी आहे’ हे ‘वाइल इश क्रांक बिन’ होते, क्रियापद शेवटी. ‘ब्लूटड्रुक’ म्हणजे रक्तदाब : ब्लूट म्हणजे रक्त, ड्रुक म्हणजे दाब, समासाचा क्रमही तोच. ‘झेड’ अक्षराचा उच्चार मराठी मुलाला शिकवावाच लागत नाही, तो ‘चमचा’तला च आहे. ‘जेवला नाहीस का?’ याला आपण ‘जेवलो की!’ म्हणतो. त्या ‘की’चे काम जर्मनमध्ये ‘डॉख’ एकटा करतो.

मराठी अडते कुठे, हेही सांगितले पाहिजे. ‘तो मला पाहतो’ आणि ‘तो मला मदत करतो’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘मला’ एकच. जर्मनमध्ये पहिल्याला ‘मिश’ लागते, दुसऱ्याला ‘मिअर’. आपल्या व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच असल्याने इथे विद्यार्थी हमखास चुकतो. ही जागा नेमकी माहीत असलेला शिक्षकच त्याला हात देऊ शकतो. इंग्रजी पुस्तकाला ती दिसणारच नाही.

आता बोलीचे. आपली मुले ज्या राज्यात जाणार, तिथल्या मोठ्या भागात लोक श्वाबिश बोलतात. पुस्तकी जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे पाऊल. श्वाबिशमध्ये तो शब्द पावलापासून थेट मांडीपर्यंतच्या अख्ख्या पायाला लागतो. ‘टेपिश’ पुस्तकात सतरंजी-गालिचा, तर तिकडे पांघरायची घोंगडीसुद्धा. ‘हेबन’ पुस्तकात उचलणे, बोलीत धरून ठेवणे. म्हातारा रुग्ण ‘फूस’ दुखतोय म्हणाला तर नर्स फक्त पाऊल तपासेल. शिडीवरचा मिस्त्री ‘हेब’ म्हणाला तर खालचा मदतनीस धरायचे सोडून उचलायला जाईल. हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत, कामाच्या पहिल्या आठवड्यात मात्र येतात. आमची मुले घरी झाडीबोली किंवा पोवारी, शाळेत प्रमाण मराठी आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी बोलतात. पुस्तकातली भाषा वेगळी आणि माणसाची वेगळी, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. फक्त शब्द द्यावे लागतील.

नर्सला तिकडे मान्यता मिळवायला साधारण बी-२ पातळी लागते. शून्यापासून तिथवर जायला सहाशे ते आठशे तासिका धराव्या लागतात. काही महिन्यांच्या वर्गात हे अंतर कापायचे असेल, तर एकही तासिका इंग्रजीशी झटापट करण्यात वाया जाता कामा नये.

म्हणून मागण्या अशा :

१. परिषदेने मराठीतून जर्मन प्रश्नोत्तरी तयार करावी. लिंग, विभक्ती, वाक्यरचना, उच्चार आणि नेहमीच्या चुका तिच्यात असाव्यात. ती सर्वांना विनामूल्य मिळावी.

२. नर्स, वीजतंत्री, नळकारागीर, चालक अशा प्रत्येक कामाची शब्दावली उच्चारासह ध्वनिमुद्रित करून द्यावी. तिच्यात श्वाबिशमधले नेहमीचे शब्दही असावेत.

३. प्रत्येक वर्गात आठवड्यातून एक तास केवळ शंकांसाठी ठेवावा. त्या तासाला मराठीत, हिंदीत किंवा घरच्या बोलीत विचारायची मोकळीक असावी.

४. जर्मनची प्रमाणपत्र परीक्षा पूर्व विदर्भातच द्यायची सोय व्हावी. परीक्षेसाठी गोंदियाहून पुणे-मुंबई गाठायचे म्हणजे शुल्काशिवाय प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी आली.

५. किती जण वर्गात बसले, कोणत्या पातळीला किती उत्तीर्ण झाले आणि प्रत्यक्ष किती जर्मनीला गेले, हे जिल्हावार आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत. मुलांनी हातातले काम सोडून वर्गाला बसायचे की नाही, हे त्यांच्या घरच्यांना या आकड्यांवरूनच ठरवता येईल.

पहिल्या तीन मागण्यांना नवा करारही लागत नाही आणि मोठा निधीही. मराठी व्याकरण जाणणारे आणि जर्मन शिकवणारे शिक्षक राज्यात आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवण्याचा आदेश आपण काढू शकता. पुढचे वर्ग सुरू होण्याआधी तो काढावा, ही विनंती.

आपला,
नागरा (जि. गोंदिया) येथील एक भाषाशिक्षक