रक्तकराची लेक

१ डिसेंबर १९७३ रोजी जपानमध्ये ‘शुरायुकिहिमे’ हा ९७ मिनिटांचा चित्रपट प्रदर्शित झाला. जपानबाहेर तो ‘लेडी स्नोब्लड’ या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक तोशिया फुजिता, नायिका मेइको काजी. मूळ चित्रकथा काझुओ कोइके यांनी लिहिली आणि काझुओ कामिमुरा यांनी चितारली होती. १९७२-७३ मध्ये ती पुरुषांसाठी निघणाऱ्या ‘वीकली प्लेबॉय’ या साप्ताहिकात क्रमशः येत होती. कथा दोन ओळींत सांगता येते. तुरुंगात जन्मलेली युकी आईच्या अपराध्यांचा शोध घेते आणि छत्रीच्या दांड्यात लपवलेल्या तलवारीने एकेकाला गाठते. या दोन ओळींवरूनच चित्रपटाविषयीची बहुतेक मते बनली आहेत. त्यात रक्तपाताशिवाय काही नाही, स्त्रीच्या विटंबनेवर तो पैसे कमावतो, तो सूडाचा उदोउदो करतो आणि ‘किल बिल’ने त्याचे ऋण घेतले म्हणूनच तो आज लक्षात आहे, असे चार आक्षेप त्याच्यावर घेतले जातात. चारही आक्षेपांत थोडे तथ्य आहे, पण एकाही आक्षेपाने चित्रपटाचे मर्म सापडत नाही.

आक्षेपांचे मूळ ज्या बाजारात आहे तो बाजार आधी पाहावा लागतो. जपानमध्ये १९५८ साली चित्रपटांची सुमारे ११३ कोटी तिकिटे विकली गेली होती. घरोघरी दूरचित्रवाणी आली आणि १९७२ पर्यंत हा आकडा २० कोटींच्याही खाली घसरला. दाईएई ही मोठी चित्रसंस्था १९७१ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी निक्कात्सुने आपला बहुतेक कारभार कामुक चित्रपटांकडे वळवला. तोएई गुन्हेगार स्त्रियांच्या हाणामारीचे चित्रपट काढत होती. छोट्या पडद्यावर दाखवता येणार नाही ते मोठ्या पडद्यावर दाखवायचे, हा या धंद्याचा हिशेब. अशा चित्रपटांना इंग्रजीत एक्स्प्लॉइटेशन फिल्म म्हणतात, मराठीत गल्लाभरू म्हणता येईल. फुजिता आणि काजी दोघेही निक्कात्सुच्या मुशीतले. तिथे १९७०-७१ मध्ये ‘स्ट्रे कॅट रॉक’ मालिकेत दोघांनी एकत्र काम केले होते. निक्कात्सुने वाट बदलल्यावर काजी तोएईकडे गेल्या आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘फीमेल प्रिझनर स्कॉर्पियन’ या तुरुंगपटांच्या मालिकेने त्यांना सूडनायिकेचा चेहरा दिला. ‘लेडी स्नोब्लड’ याच बाजारात जन्मला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र जन्म बाजारात झाला म्हणजे कृती बाजारूच असली पाहिजे, असे मानणे हा तर्कदोष आहे.

पहिला आक्षेप रक्ताचा. या चित्रपटात रक्त कारंज्यासारखे उडते. ते रंगासारखे भडक लाल आहे आणि पांढऱ्या बर्फावर, पांढऱ्या किमोनोवर मुद्दाम उठून दिसेल असे उडवले आहे. ही स्वस्त चलाखी असल्याचे म्हटले जाते. पण रक्ताचे कारंजे गल्लाभरू चित्रपटांनी शोधलेले नाही. अकिरा कुरोसावा यांच्या ‘सांजुरो’मध्ये (१९६२) अखेरच्या द्वंद्वात तलवारीचा एकच घाव बसतो आणि रक्ताचा लोट उसळतो. तिथे ज्याला कलात्मक धाडस म्हणायचे, त्यालाच इथे सवंगपणा ठरवणे हे दुहेरी माप झाले. शिवाय या रक्ताला कथेत ठरलेला अर्थ आहे, आणि त्यासाठी कथेचा काळ ध्यानात घ्यावा लागतो.

जपानचे आधुनिकीकरण करू पाहणाऱ्या मेइजी सरकारने जानेवारी १८७३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम लागू केला. त्यासंबंधीच्या जाहीरनाम्यात सैनिकी सेवेला ‘केत्सुझेई’, म्हणजे रक्तकर, असा शब्द वापरला होता. युरोपातून उचललेला हा अलंकार खेड्यापाड्यांत अक्षरशः घेतला गेला. सरकारची माणसे येऊन खरोखर रक्त काढून नेणार, अशी अफवा पसरली आणि ठिकठिकाणी शेतकऱ्यांचे दंगे उसळले. हुकुमात एक पळवाटही होती. २७० येन भरणाऱ्याला भरतीतून सूट मिळे, अर्थात एवढी रक्कम श्रीमंतालाच परवडे. चित्रपटातला मूळ गुन्हा याच भीतीतून घडतो. चौघे भामटे भरतीतून सुटका करून देण्याच्या नावाखाली गावकऱ्यांना लुबाडतात. नव्याने गावात येणारा, पांढरा पोशाख घातलेला शाळामास्तर हा सरकारचा हस्तक असल्याची आवई उठवून ते त्याला ठार करतात. त्याचा लहान मुलगा मारला जातो आणि बायको सायो, म्हणजेच युकीची पुढे होणारी आई, हिच्यावर अत्याचार होतो. त्यामुळे पडद्यावर उडणारे रक्त हे मुळात सरकारी शब्दकोशातले रक्त आहे. राज्याने अलंकार म्हणून वापरलेला शब्द चित्रपट शब्दशः वसूल करतो. पांढऱ्यावर लाल ही रंगसंगतीही निव्वळ शोभेची उरत नाही, कारण पांढऱ्या कपड्यातल्या निरपराध माणसाच्या रक्तापासूनच सगळ्याची सुरुवात झालेली असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्त्रीवरील अत्याचार दाखवून प्रेक्षक खेचायचे आणि मग तिच्याच हातात तलवार देऊन पाप धुऊन टाकायचे, ही या प्रकारच्या चित्रपटांची जुनी रीत. सायोवरचा अत्याचार चित्रपटात आहे आणि तो पाहणे असह्य होते. धर्मगुरू दोकाईच्या हाताखाली लहानग्या युकीचे जे शिक्षण चालते, तेही क्रूर आहे. हे डाग पुसता येत नाहीत. तरीही मूळ साप्ताहिकातल्या चित्रकथेत नायिकेच्या नग्नतेला जे स्थान होते ते चित्रपटात नाही. काजींची युकी किमोनोत नखशिखान्त झाकलेली आहे, आणि ती लोकांच्या लक्षात राहते ती डोळ्यांमुळे. ती फार कमी बोलते, हसत तर जवळपास नाहीच. कॅमेरा तिच्याकडे पाहतो तेव्हा तीही कॅमेऱ्याकडे पाहत असते, आणि नजर बहुधा प्रेक्षकालाच खाली घ्यावी लागते. आईच्या कथेतही एक कठोर कलाटणी आहे. सायो चौघांपैकी एकाला स्वतः संपवते आणि जन्मठेपेवर तुरुंगात जाते. उरलेल्या तिघांचा हिशेब पुरा करण्यासाठी मूल हवे म्हणून ती पहारेकऱ्यांना जवळ करते, आणि बर्फाच्या रात्री युकीला जन्म देऊन मरते. स्त्रीचा देह पुरुषांच्या उपभोगाची वस्तू आहे, हे त्या व्यवस्थेचे गृहीतक. सायो ते गृहीतक त्याच व्यवस्थेविरुद्ध शस्त्रासारखे वापरते. यात समाधान नाही, दिलासा तर मुळीच नाही. पण ज्याला निव्वळ विटंबना म्हणावे, असेही ते नाही.

तिसरा आक्षेप असा की चित्रपट सूडाचे गुणगान करतो. या आक्षेपाला खुद्द पटकथाच उत्तर देते. तलवारपटाच्या रिवाजाप्रमाणे सूडकथेत अपराधी माजलेला असतो, नायक त्याला समोरासमोर गाठतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. इथे युकीला एकदाही धड असे समाधान लाभत नाही. पहिला अपराधी बान्झो भेटतो तेव्हा तो दारू आणि जुगारात बुडालेला, मुलीच्या कमाईवर जगणारा, गलितगात्र म्हातारा झालेला असतो. त्याची मुलगी कोबुए बांबूच्या वस्तू विणून घर चालवत असल्याचे भासवते, प्रत्यक्षात ती देहविक्रय करते. दुसरा अपराधी गिशिरो मेल्याची बातमी येते, तेव्हा युकी त्याच्या थडग्यावरच वार करते. तिसरी, ओकोनो, युकीच्या हाती सापडण्याआधीच गळफास घेऊन मोकळी होते. युकी लोंबकळत्या प्रेताचे दोन तुकडे करते. मेलेल्यावर आणि दगडावर तलवार चालवणाऱ्या या नायिकेला विजयी म्हणणे अवघड आहे.

चित्रपटाच्या नावातही हेच आहे. जपानीत ‘शिरायुकिहिमे’ म्हणजे हिमगौरी. त्यातले एकच अक्षर बदलून कोइके यांनी ‘शुरायुकिहिमे’ केले. यातला ‘शुरा’ मराठी वाचकाला परका नाही. संस्कृत ‘असुर’ बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेला आणि ‘आशुरा’ किंवा ‘शुरा’ झाला. बौद्ध मतातील सहा गतींपैकी असुरांचे जग म्हणजे कधीही न संपणाऱ्या युद्धाचे जग. हिमगौरीला शेवटी राजपुत्र मिळतो. असुरलोकातल्या हिमकन्येला लढाईशिवाय काही मिळायचे नाही, हे नावातच ठरून गेले आहे.

चौथा आक्षेप कौतुकाच्या रूपात येतो, म्हणून तो अधिक फसवा. क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘किल बिल’च्या पहिल्या भागात (२००३) बर्फाळ बागेतले द्वंद्व आहे, कथेची प्रकरणे पाडलेली आहेत आणि काजी यांनी गायलेले ‘शुरा नो हाना’ हे गाणेही वापरले आहे. हे ऋण उघड आहे. पण त्यावरून जुना चित्रपट म्हणजे नव्याचा कच्चा मसुदा, असे जे सांगितले जाते ते चूक आहे. ‘किल बिल’मधली वधू स्वतःवर झालेल्या अन्यायाचा बदला घेते. युकीवर तो अन्याय झालेलाच नाही. गुन्हा तिच्या जन्माआधी घडला. बाप म्हणावा तो माणूस आणि भाऊ तिने पाहिले नाहीत, आई तिच्या जन्मासरशी गेली. बापाने काढलेले कर्ज लेकाच्या माथी यावे तसा सूड तिच्याकडे वारशाने आला आहे. ‘किल बिल’मध्ये वधू एका लहान मुलीसमोर तिच्या आईला मारते आणि मोठी झालीस की ये, मी वाट पाहीन, अशा अर्थाचे बोलून निघून जाते. ‘लेडी स्नोब्लड’ तिथे थांबत नाही. बान्झोची मुलगी कोबुए बापाचा सूड घ्यायला खरोखर येते.

खंडन इथे संपते. चित्रपटाच्या बाजूने जे म्हणायचे त्याचा गाभा असा की मेइजी काळाच्या आधुनिकीकरणाचा जमाखर्च तो सामान्यांच्या बाजूने मांडतो. यासाठी १८७३ हे साल पुन्हा पाहावे लागते. लष्करभरती सुरू झाली त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारने खासगी सूडावर बंदी घातली. त्याआधीच्या तोकुगावा काळात वडीलधाऱ्यांच्या हत्येचा सूड घेण्याला, रीतसर परवानगी काढली तर, कायद्याची मान्यता होती. १८७६ मध्ये तलवार लावून उघडपणे वावरण्यावरही बंदी आली. युकी जन्मते १८७४ मध्ये. म्हणजे तिच्या जगण्याचे एकमेव प्रयोजन ती जन्मण्याआधीच बेकायदा झाले आहे आणि तिचे हत्यार ती हाती घेण्याआधीच. छत्रीत दडवलेली तलवार ही पडद्यावरची करामत खरी, पण त्या काळच्या कायद्याचा तो नेमका परिणामही आहे. न्याय करण्याचा मक्ता राज्याने आपल्याकडे घेतला आणि न्याय मात्र दिला नाही. ओकोनोच्या दिमतीला पोलीस आहेत. मेल्याचे सोंग घेतलेला गिशिरो शस्त्रांचा व्यापारी होऊन सुखात आहे.

अखेरचा प्रसंग रोकुमेइकानमधला. १८८३ मध्ये उघडलेली, इंग्रज वास्तुशिल्पी जोसाया कॉन्डर यांनी बांधलेली ही इमारत परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांसाठी आणि नृत्यांसाठी होती. जपान सुधारल्याचे जगाला दाखवण्याची ती जागा. त्याच झगमगाटात, मुखवट्यांच्या नृत्यात, युकी गिशिरोला गाठते. खेड्यातल्या गरिबांना नागवून मोठा झालेला माणूस राष्ट्राच्या दिवाणखान्यात मानाचा पाहुणा आहे, आणि तो कोसळतो तो जपानचा झेंडा ओढून घेत. गल्लाभरू चित्रपटाला एवढ्या इतिहासाची गरज नव्हती. छायाचित्रकाराची निवडही बोलकी आहे. मासाकी तामुरा यांनी त्याच १९७३ साली शिन्सुके ओगावा यांचा ‘सान्रिझुका : हेता गाव’ हा माहितीपट चित्रित केला होता. नारिता विमानतळासाठी जमिनी घेण्याविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांचा तो माहितीपट. १९७४ च्या दुसऱ्या भागात तर राजकारण पडद्याआड राहतच नाही. तिथे फाशीची शिक्षा झालेल्या युकीला गुप्त पोलीस सोडवतात आणि एका अराजकवाद्यावर पाळत ठेवायला पाठवतात.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. चित्रपटातला लेखक र्यूरेई आशिओ युकीची कहाणी वर्तमानपत्रात क्रमशः छापतो. वाचक तुटून पडतात, आणि त्या लिखाणामुळेच लपलेली ओकोनो उघडी पडते. चित्रकथेतली चित्रेही मधूनमधून पडद्यावर येतात. एका स्त्रीचे दुःख हप्त्याहप्त्याने विकले जात आहे, आणि आपणही त्याच विक्रीचा भाग आहोत, याची चित्रपटाला जाणीव आहे. हा लेखक गिशिरोचा मुलगा निघतो, हा योगायोग नाटकी आहे आणि उत्तरार्धाचा तो कमकुवत दुवा आहे. तरी त्यातून विचार पुढेच जातो. बापाला मिठीत पकडून ठेवणाऱ्या र्यूरेईच्या देहातून तलवार आरपार जाते, तेव्हा एका पिढीचे पाप दुसरी पिढी फेडते, हे सूत्र युकीच्याच नव्हे, शत्रूच्या घरातही लागू होते.

या सगळ्याचा निकाल बर्फात लागतो. जखमी युकी रोकुमेइकानबाहेर पडते आणि तिथे कोबुए तिच्या पोटात सुरा खुपसते. सूडाचा वारसा घेऊन जन्मलेल्या मुलीने आणखी एका मुलीला तोच वारसा दिलेला असतो. दोघींनाही मूळ गुन्ह्यात काडीचा वाटा नव्हता. सूडपट पाहायला आलेल्या प्रेक्षकाला सूड पुरेपूर दाखवून त्याचे बिल अखेर निरपराध मुलीच्या हाती ठेवणारा हा चित्रपट आहे. त्याला गल्लाभरू म्हणणारे त्याच्या बाजाराविषयी बरोबर बोलतात, त्याच्याविषयी नाही.