पदकाची दुसरी बाजू

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या महाविद्यालयांतून आणखी एक सण सुरू होतो. त्याचे नाव गुणगौरव समारंभ. फराळाची चव जिभेवर असतानाच सभागृहाच्या खुर्च्या पुसल्या जातात, शालींचा गठ्ठा येतो, नारळ मोजून घेतले जातात आणि प्रमाणपत्रांवरील नावांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत काय हे पाहण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकाकडे येते. प्रमुख पाहुणे उशिरा येतात आणि उशिरापर्यंत बोलतात. पालक मोबाइल उंच धरून आपल्याच मुलाचा फोटो काढतात, आणि त्यामुळे मागच्या रांगेतील पालकांना त्यांचे मूल दिसत नाही.

या सोहळ्याला हसणे सोपे आहे. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता आम्ही सगळेच हसतो. पण ते वर्तुळाकार पितळेचे पदक दिसते तितके साधे नसते. त्याच्या एका बाजूला विद्यार्थ्याचे नाव कोरलेले असते. दुसरी बाजू बहुधा कोरीच असते. आणि वाचायला शिकले तर जास्त मजकूर तिच्यावरच असतो.

अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालयांतून गौरेतर विद्यार्थ्यांच्या गुणांचा आणि नेतृत्वाचा वेगळा गौरव करण्याची रीत पडली. कृष्णवर्णी, लॅटिन अमेरिकी वंशाचे, तेथील आदिवासी, आशियाई, अशा मुलामुलींना सन्मानाने व्यासपीठावर बोलवायचे. हे ऐकले की आपल्याकडील एखादे काका लगेच विचारतात, “गुणाला काय रंग असतो? पहिला तो पहिला. त्याला वेगळा मांडव कशाला?” प्रश्न वाजवी आहे. काकांना मी एका मुलाची गोष्ट सांगतो.

त्या मुलाचे नाव पॉल रोबसन. जन्म 9 एप्रिल 1898, न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन गावी. वडील गुलामगिरीत जन्मलेले. पंधराव्या वर्षी मालकाच्या मळ्यातून पळाले, पुढे शिकले आणि धर्मोपदेशक झाले. आई मुलाच्या लहानपणीच भाजून वारली. या मुलाने 1915 साली राज्याची स्पर्धापरीक्षा देऊन रटगर्झ महाविद्यालयाची चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळवली. रटगर्झची स्थापना 1766 सालची. त्या दीडशे वर्षांत तेथे शिकलेला हा तिसरा कृष्णवर्णी विद्यार्थी, आणि तो गेला तेव्हा साऱ्या महाविद्यालयात एकटाच.

मुलगा अंगाने धिप्पाड होता. फुटबॉलच्या संघात जाण्यासाठी सरावाला उतरला. पहिल्याच दिवशी भावी सोबत्यांनीच त्याचे नाक फोडले आणि खांदा निखळवला. कित्येक दिवस तो अंथरुणात होता. वडिलांनी त्याला बजावून ठेवले होते, की मैदानावर तू एकटा नसतोस. ज्यांना खेळायला मिळावेसे वाटते त्या साऱ्या आपल्या मुलांच्या वतीने तू तेथे असतोस. तो पुन्हा मैदानावर गेला. या खेपेस एकाने खिळ्यांच्या बुटाने त्याचा हात तुडवला. तेव्हा मात्र पॉलने पुढच्या डावात त्या गड्याला उचलून डोक्यावर धरले. आता हा त्याला आपटणार, एवढ्यात प्रशिक्षक ओरडले, की पॉल, तू संघात आलास!

1916 साली महाविद्यालयाचा दीडशेवा वर्धापनदिन होता. सामन्यासाठी दक्षिणेकडील एक संघ आला होता. कृष्णवर्णी खेळाडू समोर असेल तर आम्ही खेळणार नाही, असे त्यांनी कळवले. पाहुण्यांचा मान राखला गेला आणि पॉलला बाहेर बसवले गेले. पुढल्या वर्षी दुसऱ्या एका संघाने तीच अट घातली, तेव्हा मात्र त्याच प्रशिक्षकांनी ती धुडकावून लावली. एका वर्षात माणूस इतका बदलू शकतो, ही या कथेतील मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते.

आता गुणगौरवाचा हिशेब पाहा. 1917 आणि 1918 अशी लागोपाठ दोन वर्षे अखिल अमेरिकेच्या आदर्श फुटबॉल संघात त्याची निवड झाली. फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी स्पर्धा अशा चारही प्रकारांत त्याने महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व केले. वक्तृत्वाची पारितोषिके तो वर्षानुवर्षे घेत राहिला. 1776 पासून चालत आलेल्या ‘फाय बीटा कॅपा’ या विद्वन्मंडळात त्याला शेवटच्या वर्षाच्या आधीच घेतले गेले. ‘कॅप अँड स्कल’ हे निवडक नेतृत्वगुणी विद्यार्थ्यांचे मंडळ. तेथेही तो होता. 1919 च्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने निरोपाचे भाषण त्यानेच केले. वर्गमित्रांनी गंमतीने भविष्य वर्तवले, की 1940 पर्यंत हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होणार!

ही झाली पदकाची कोरलेली बाजू. दुसऱ्या बाजूवर काय होते? या मुलाचा आवाज पुढे साऱ्या जगाने ऐकला. पण महाविद्यालयाच्या गायकवृंदाबरोबर त्याला दौऱ्यावर जाता येत नसे. कारण गाण्यानंतर मेजवानी आणि नृत्य असे, आणि तेथे त्याला जागा नव्हती. भाषणाला टाळ्या होत्या, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची नव्हती. पुढे तो कोलंबिया विद्यापीठातून 1923 साली कायद्याचा पदवीधर झाला. एका वकिली कचेरीत काम करू लागला, तेव्हा तेथील लघुलेखिकेने कृष्णवर्णी माणसाचे पत्र उतरून घ्यायला नकार दिला. त्याने वकिली सोडली आणि तो रंगभूमीकडे आणि गाण्याकडे वळला. 1943 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तो ‘ऑथेल्लो’च्या भूमिकेत उभा राहिला आणि त्या नाटकाचे 296 प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या नाटकाचे तेथे इतके प्रयोग सलग कधी झाले नव्हते.

पुढे त्याची राजकीय मते सरकारला रुचेनात. 1950 साली त्याचे पारपत्र काढून घेतले गेले, ते 1958 साली परत मिळाले. मधल्या काळातील एक गोष्ट मास्तर म्हणून मला विसरवत नाही. फुटबॉलच्या एका संदर्भग्रंथात त्याच्या वर्षाच्या आदर्श संघाची यादी छापली गेली, ती दहा जणांची! फुटबॉलला अकरा गडी लागतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. अकरावे नाव गाळले होते. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात त्याला प्रवेश मिळाला तो 1995 साली. तो वारला होता 1976 साली. रटगर्झने 2019 मध्ये, त्याच्या पदवीला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्याच्या नावाचा चौक बांधून खुला केला. आपल्याकडे मात्र 1958 साली त्याची साठी जिवंतपणीच साजरी झाली. पंडित नेहरूंनी तिला जाहीर पाठिंबा दिला आणि समारंभाच्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती छागला.

काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. गुणाला रंग नसतो, हे खरे. पण यादी लिहिणाऱ्या हाताला असतो. ज्या याद्या दहा नावांवर थांबल्या, त्यांना अकरावे नाव जोडण्यासाठी कधी कधी वेगळा मांडव घालावा लागतो.

ॲलन लॉक यांचेही तसेच झाले. हार्वर्डचा हा तल्लख विद्यार्थी 1907 साली ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णी अमेरिकन. वंशामुळे कोणाला अपात्र ठरवू नये असे ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातच लिहिले होते. म्हणून निवड टिकली. पण ऑक्सफर्डच्या अनेक कॉलेजांनी त्याला दार उघडले नाही. शेवटी हर्टफर्ड कॉलेजने घेतले. तेथील अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सणाच्या मेजवानीतून मात्र त्याला वगळले गेले. पुन्हा जेवणाचे टेबल! त्याच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णी अमेरिकनाला ती शिष्यवृत्ती मिळण्यासाठी पन्नासांहून अधिक वर्षे जावी लागली. लॉक स्वदेशी परतून हॉवर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि 1925 साली त्यांनी ‘द न्यू निग्रो’ हा संग्रह संपादित केला. कृष्णवर्णीयांच्या साहित्यातील नवजागृतीचा तो आधारग्रंथ मानला जातो.

वाचकहो, जेवणाचे टेबल, उतरण्याची जागा, पाण्याचे भांडे, हे शब्द आले की मराठी वाचकाला न्यूयॉर्कपर्यंत जावे लागत नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक 1873 साली लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. पुण्यातल्या माणसाला हे नाते तेव्हाच दिसले होते. रोबसन ज्या कोलंबियात कायदा शिकला, तेथे त्याच्या काही वर्षे आधी, 1913 ते 1916 या काळात, बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते. 1915 साली ते एम. ए. झाले; 1916 च्या मे महिन्यात त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला प्रबंध तेथील चर्चामंडळात वाचला. एवढी विद्या घेऊन ते 1917 साली बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना; एका पारशी विश्रामगृहातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. 1946 साली त्यांनीच अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. दोन्ही दुःखांची जात एकच, हे दोघांनाही कळत होते. कोलंबियाने 1952 साली बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली.

आता उत्तराचा दुसरा अर्धा भाग, आणि तो अधिक अवघड आहे. बेंजामिन मेज हे कृष्णवर्णी विद्वान 1936 च्या अखेरीस भारतात आले होते. वर्ध्याजवळ गांधीजींना भेटून त्यांनी अहिंसेविषयी आणि जातिभेदाविषयी रोखठोक प्रश्न विचारले. त्याच दौऱ्यात म्हैसूर भागातील अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली: हे अमेरिकेतील अस्पृश्य, आणि तरी एवढे मोठे झाले. मेज यांना आधी राग आला, अपमान वाटला. मग विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले, की मुख्याध्यापक खोटे बोलले नव्हते. 1940 पासून 1967 पर्यंत ते अटलांटाच्या मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. 1944 साली पंधरा वर्षांचा एक मुलगा तेथे दाखल झाला. मेज यांची भाषणे ऐकत तो वाढला. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. मोरहाउसनंतर क्रोझर येथील धर्मशिक्षण संस्थेत तो विद्यार्थ्यांचा अध्यक्ष झाला आणि 1951 साली वर्गात पहिला आला. त्याच्या गुणांचा प्रथम गौरव झाला तो त्याला नीट पाहणाऱ्या शिक्षकांच्या डोळ्यांत. पदके मागाहून आली.

मेज यांच्या मनाला झालेला तो डंख मला काही वर्षांपूर्वी आठवला. आमच्या महाविद्यालयात एका मुलीला मराठीचे पारितोषिक मिळाले. तिच्या घरात दहावीच्या पुढे जाणारी ती पहिलीच. परिचयाचा मजकूर मी लिहीत होतो. कोणी सुचवले, की तिच्या समाजाचा आणि परिस्थितीचा उल्लेख करा. श्रोत्यांचे डोळे पाणावतील. मी तिला विचारले. ती शांतपणे म्हणाली, “सर, माझा निबंध कशावर होता ते सांगा ना. बाकीचं मी कधी सांगायचं, ते मी ठरवीन.”

तेच आम्ही केले. तिने ओव्यांतील माहेरावर लिहिले होते, ते मी सांगितले. तिची आई कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती आणि सबंध वेळ पदर सावरत बसली होती. मुलगी बोलायला उभी राहिली आणि कोणी न विचारता तिने स्वतःच सांगितले, आई कोठे काम करते, ओव्या कोणाकडून ऐकल्या आणि दिवा नसताना अभ्यास कसा केला. सभागृह निःशब्द झाले. त्याच गोष्टी मी वाचून दाखवल्या असत्या तर ती कीव झाली असती. तिने सांगितल्या म्हणून तो अभिमान झाला.

तेव्हा काकांना आता पुरते उत्तर देता येईल. वेगळा मांडव घालावा, जोवर मोठ्या मांडवात सगळ्यांना खुर्ची नाही तोवर. पण मांडवात कोणी काय सांगायचे, हे ज्याचा सत्कार आहे त्याच्यावर सोडावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जूनमध्ये महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत रद्द ठरवली. मात्र विद्यार्थी स्वतःच्या निबंधात वंशाने आपले आयुष्य कसे घडवले हे सांगू शकतो, असेही त्याच निकालात म्हटले. निकालावर तेथे मोठा वाद आहे. पण आपली गोष्ट आपण सांगण्याचा हक्क तेवढा तरी राहिला, याची नोंद घ्यावी.

आणि शेवटी पालकांसाठी एक. या दिवाळीत तुमच्या मुलाचे मित्र फराळाला येतील. त्यांत एखादा पदक मिळवलेला असेल, एखादा नसेल. कोणाला किती टक्के, कोणत्या कोट्यातून प्रवेश, ही चौकशी चकलीबरोबर वाढण्याचा मोह पुष्कळ घरांतून होतो. ती न करता सगळ्यांना एकाच पंगतीला बसवा आणि ताट सारखे वाढा. रोबसनला आणि लॉकला टाळ्या पुष्कळ मिळाल्या. कमी पडली ती हीच पंगत, आणि ती मांडायला विद्यापीठाचा ठराव लागत नाही.