शिधा अडविण्याचा अधिकार

इ. स. १९६२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या लफ्लोर परगण्यातील कारभारी मंडळाने संघ सरकारकडून येणाऱ्या शिलकी धान्याचे वाटप बंद केले. कापूसवेचणी सरल्यावर ज्यांच्या हाताला काम उरत नसे, आणि ज्यांचा प्रपंच या पीठ-तांदळावर व दुधाच्या भुकटीवर पुढील हंगामापर्यंत कसाबसा तगत असे, अशी सुमारे २२,००० माणसे, बहुतांशी कृष्णवर्णीय, त्यामुळे निराधार झाली. आणि मंडळाने खर्चाची सबब पुढे केली, तरी मतदारयादीत नावे नोंदविण्याची कृष्णवर्णीयांची चळवळ त्याच सुमारास तेथे सुरू झाली होती. धान्याचा दुष्काळ नव्हता. ते कोणास द्यावयाचे हे ठरविणाऱ्या मंडळात मात्र त्या उपाशी समाजाचा एकही माणूस नव्हता.

शेजारच्या सनफ्लॉवर परगण्यातील फॅनी लू हेमर यांनी त्याच वर्षी मतदार म्हणून नाव नोंदविण्याचा प्रयत्न करताच, ज्या मळ्यावर त्या अठरा वर्षे राबल्या तेथून त्यांना काढून टाकण्यात आले. मजुरी, निवारा आणि अन्न ही तिन्ही एकाच मालकाच्या मुठीत असताना मताधिकार किती दुबळा असतो, हे स्वानुभवाने जाणलेल्या या बाईंनी १९६९ मध्ये ४० एकर जमिनीवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी संस्था उभी केली. वर्गणी दरमहा एक डॉलर, आणि तीही पुष्कळांना झेपत नसे. तिची डुकरांची पेढी शेळीवाटपाच्या योजना चालविणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य अभ्यासावी : गरजू कुटुंबाला मादी सांभाळावयास मिळे, आणि ती व्यायली म्हणजे वेतातील काही पिले दुसऱ्या कुटुंबांसाठी पेढीकडे परत येत. संस्था दशकभरही टिकली नाही, परंतु तिला अपयशी म्हणण्यास माझे मन धजत नाही.

आपल्या व्यवसायाशी याहून निकट असा भाग पतपुरवठ्याचा आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्याची कर्जे स्थानिक समित्यांच्या हातून जात, दक्षिणेत या समित्या जवळजवळ सर्वस्वी गोऱ्यांच्या असत, आणि कृष्णवर्णीयाचा अर्ज एक तर नामंजूर होई किंवा पेरणीचा हंगाम उलटल्यावर मंजूर होऊन निरुपयोगी ठरे. १९२० मध्ये ९ लाखांहून अधिक असलेले कृष्णवर्णीय शेतकरी शतकाअखेरीस २० हजारांच्या आत आले. यंत्रांचा प्रसार आणि उत्तरेकडील स्थलांतर ही कारणेही खरीच, तथापि खात्याचा पक्षपात इतका उघड होता की १९९९ च्या पिगफर्ड खटल्यातील तडजोडीने भरपाई देणे सरकारला भाग पडले. तोवर बहुतेकांच्या जमिनी गेल्या होत्या.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचकांना अर्पण केली, तेव्हा तिकडचे दास्य आणि आपल्याकडील जातिभेद यांतील संबंध त्यांनी ओळखलाच होता. सातबाऱ्यावर नाव नसलेली कुळे, स्त्रिया आणि भूमिहीन दलित यांचा अर्ज आपल्या विकास सोसायटीच्या दप्तरात केव्हा दाखल होतो, रक्कम हाती केव्हा पडते, आणि त्या अर्जावर निर्णय घेणाऱ्या पंचमंडळात त्यांच्यापैकी कोण बसते, याच्या नोंदी सचिवांनी येत्या खरिपापासून तारीखवार ठेवाव्यात व या मासिकाकडे धाडाव्यात. त्या आम्ही छापू.