घर आणि गाडी : लाल दिसतं म्हणून चालतं का?



नाशिकजवळच्या एका वाचक भगिनीनं विचारलं आहे, "आमच्याकडे बागेच्या कामाला आणि घरालाही चालणारी डिझेलची पिकअप आहे. टोयोटा हायलक्स, ऑटोमॅटिक. गिअरबॉक्सचं तेल बदलायचं आहे. गॅरेजवाला म्हणतो, लाल तेल सगळं एकच, सुटं घालतो, स्वस्तात काम होईल. ह्यांना वेळ नाही, हिशेब माझ्याकडे. काय सांगू?"

सांगा, की सगळं एकच नसतं! कुंकूही लाल आणि तिखटही लाल. म्हणून कुणी आमटीत कुंकू घालतं का? या तेलाचा लाल रंग मुद्दाम घातलेला असतो. गाडीखाली डाग पडला, तर तो इंजिनच्या तेलाचा की गिअरबॉक्सच्या, हे चटकन कळावं एवढाच त्याचा उपयोग. रंगावरून तेलाची जात कळत नाही.

आता हे तेल करतं तरी काय? इंजिनच्या तेलाचं मुख्य काम भाग एकमेकांवर घासू न देणं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला मात्र चार कामं. इंजिनचा जोर चाकांकडे पोचवायचा, दाब देऊन गिअर बदलायचे, सगळं वंगणात ठेवायचं आणि उष्णता वाहून न्यायची. शिवाय आतल्या क्लचच्या चकत्या त्याच तेलात बुडालेल्या. त्या नको तेव्हा सुटल्या पाहिजेत आणि हव्या तेव्हा घट्ट धरल्या पाहिजेत. हा तोल तेलात घातलेल्या द्रव्यांवर अवलंबून. 1970 च्या सुमारापर्यंत अमेरिकेत त्यासाठी चक्क देवमाशाचं तेल घालत. देवमासे वाचवण्यासाठी कायदा आला, ते तेल बंद झालं, आणि तसाच गुण देणारं दुसरं द्रव्य शोधताना कंपन्यांना नाकी नऊ आले. थोड्याशा द्रव्याचं महत्त्व एवढं!

हायलक्सला टोयोटाचं 'एटीएफ डब्ल्यूएस' लागतं. ते बरंच पातळ असतं. टोयोटाचंच जुनं 'टी-फोर' किंवा बाजारातलं 'डेक्सरॉन थ्री' त्याहून दाट. तिन्ही लाल, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. चुकीचं तेल घातलं तर त्याच दिवशी गाडी बंद पडत नाही, आणि तिथंच फसगत होते. पुढे गिअर बदलताना झटका बसू लागतो, चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी मागे राहते, चकत्या झिजतात. ऑटोमॅटिक हायलक्सचं इंजिन 500 न्यूटन-मीटर इतका जोर लावतं. मागे माल आणि पुढे कसारा घाट असला की सगळी परीक्षा त्या तेलाची. तेलात वाचवलेले चार पैसे एकीकडे, आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात!

तेव्हा गॅरेजमध्ये जाताना एवढं करा :

1. गाडीच्या पुस्तकात तेलांचं पान असतं. त्यातलं नाव अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घ्या आणि तेच मागा.

2. सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. बिलावर तेलाचं पूर्ण नाव लिहून घ्या. दुसऱ्या कंपनीचं घ्यायचंच झालं, तर डब्यावर तुमच्या तेलाचं नाव स्पष्ट हवं. नुसतं 'सर्व गाड्यांसाठी' पुरत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हा प्रयोग करूच नका.

3. बोल्ट काढला की सगळं तेल बाहेर येत नाही, बरंचसं आतच राहतं. म्हणून निघालेलं तेल मोजायला सांगा. हायलक्सला तेल पाहायची पट्टी नसते. तेल ठराविक तापमानाला आणून, इंजिन चालू ठेवून पातळी पाहावी लागते. हे काम माहीतगाराचंच.

4. जुन्या तेलाला जळका वास आला किंवा त्यात धातूचा कीस दिसला, तर गाडी तज्ज्ञाला दाखवा. नुसतं काळपट दिसलं म्हणून घाबरू नका.

5. ओझं आणि घाट नेहमीचे असतील तर पुस्तकातलं 'कठीण वापरा'चं वेळापत्रक पाहा. तेल लवकर बदलावं लागतं.

बाकीच्या जणींसाठी दोन शब्द. बोलेरो पिकअपसारख्या हातानं गिअर टाकायच्या गाडीत हे तेल घालत नाहीत. तिचं गिअर ऑइल निराळं. क्लचचं पेडल नसलेल्या छोट्या गाड्यांतही फरक आहे. 'एएमटी' असेल तर आतला गिअरबॉक्स साधाच, म्हणून त्याला साधं गिअर ऑइल; 'सीव्हीटी'ला तिचं स्वतःचं. तेव्हा शेजारणीच्या गाडीला चाललं म्हणून आपल्या गाडीला चालेल असं नाही.

आणि 'बाईमाणसाला यातलं काय कळतं' असं कुणी म्हणालं, तर वाद घालू नका. वही उघडा आणि नाव वाचून दाखवा. तेवढं पुरतं!

प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल आणि साल लिहायला विसरू नका हं.