हाडांचे औषध, कर्करोगाच्या उपचारात

“डॉक्टर, आईच्या फाइलमध्ये हाडांचे औषध लिहिले आहे. कर्करोग हाडांत उतरला का?” एका मुलाने दबक्या आवाजात मला विचारले. आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. वय 67, स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. कर्करोगतज्ज्ञांनी दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक ॲसिड सलाईनमधून देण्याचे ठरवले होते. औषधाच्या माहितीपत्रकात ‘हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी’ हे शब्द वाचून मुलाच्या दोन रात्री झोपेवाचून गेल्या होत्या.

उत्तर ‘नाही’ असे होते. पण त्याचे कारण आपणही समजून घ्यावे.

हाड जिवंत असते. काही पेशी जुने हाड झिजवतात, तर काही नवे घडवतात. वयोमानानुसार झीज वरचढ ठरते व हाडे ठिसूळ होतात. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड ही बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे हाडाला चिकटून राहतात आणि झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात.

कर्करोगाशी यांचा संबंध काय? 1889 मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी मांडले, की कर्करोगाची पेशी बीजासारखी असते. अनुकूल जमीन मिळाली तरच ती रुजते. हाड ही तशी जमीन आहे. हाड झिजताना त्यात साठलेली वाढीस पोषक द्रव्ये मोकळी होतात, त्यांवर कर्कपेशी पोसतात आणि त्या पुन्हा हाडाची झीज वाढवतात. हे दुष्टचक्र या औषधांमुळे मंदावते.

म्हणून एकाच औषधाचे तीन उपयोग होतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी झोलेड्रॉनिक ॲसिड सहसा वर्षातून एकदा देतात. कर्करोग हाडांत पसरला असल्यास ते बरेचदा तीन-चार आठवड्यांनी देतात; त्याने वेदना व अस्थिभंग कमी होतात. तिसरा उपयोग या आईंसारख्यांसाठी. रजोनिवृत्तीनंतर स्तनाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत सापडल्यास, तो पुढे हाडांत रुजू नये म्हणून.

2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 26 चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात 18 हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांत या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण 18 टक्क्यांवरून 14.7 टक्क्यांवर आले. म्हणजे शंभरांमागे सुमारे तीन मृत्यू टळले. रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांत असा लाभ दिसला नाही. लाभ माफक आहे, पण खरा आहे. तो मुख्य उपचारांच्या जोडीने मिळतो, त्यांच्याऐवजी नव्हे. कर्करोग होऊच नये म्हणून निरोगी व्यक्तीने ही औषधे घेऊ नयेत.

मी आईंना आत बोलावले व सारे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, “माझी एक दाढ काढायची आहे. ती आधी काढू की नंतर?” त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. या औषधांमुळे क्वचित, विशेषतः दात काढल्यानंतर, जबड्याचे हाड उघडे पडते आणि भरून येत नाही. म्हणून दाढ आधी काढावी, जखम भरू द्यावी, मगच सलाईन. औषध सुरू असताना दंतवैद्यांकडे जाल, तेव्हा त्यांना ते आवर्जून सांगावे.

सलाईनपूर्वी मूत्रपिंडाची व रक्तातील कॅल्शियमची तपासणी करून घ्यावी. पहिल्या सलाईननंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी होऊ शकते, घाबरू नये. ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये. मांडीत वा जांघेत नवे दुखणे सुरू झाल्यास लगेच कळवावे.

औषधाच्या नावावरून आजाराचा अंदाज बांधू नका. “हे औषध आम्हांला कशासाठी?” असे डॉक्टरांना थेट विचारा आणि विचारताना रुग्णाला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका.