जागा मिळाली, भाषेचं काय?

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून केवढं रान पेटलं होतं! शेवटी 29 जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. बरं झालं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. शाळेत कुठली भाषा शिकवायची यावर आपण हिरिरीने भांडतो. कुठल्या भाषेतून शिकवलेलं मुलाला कळतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी 25 टक्के जागा ठेवल्या. आमच्या अंधेरी-मुलुंडकडे अशी शाळा म्हणजे बहुतेक इंग्रजी माध्यमाचीच. रिक्षावाल्याचं, घरकाम करणाऱ्या बाईचं पोर तिथे जातं आणि पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत! घरी इंग्रजीचा गंध नाही, शिकवणीला पैसे नाहीत. जागा मिळाली, भाषेचं काय?

याच कायद्याच्या कलम 29 मध्ये माध्यम 'शक्यतोवर' मातृभाषा असावं, असं लिहिलंय. म्हणजे झालंच...

मग मराठी शाळेतच घाला ना, असं म्हणणं सोपं आहे. म्हणणाऱ्यांची मुलं कुठे शिकतात, ते विचारू नये. शिवाय माध्यमाची सक्ती सरकारला करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय. पालकांनी इंग्रजी निवडली, ठीक. पण मग त्या मुलाला इंग्रजीपर्यंत पोचवायचं कुणी?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा असाच खटला झाला होता. सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये बजावलं. इंग्रजी न येणाऱ्या मुलांना मदत करणं शाळांवर बंधनकारक झालं.

आपल्याला फार लांब जायला नको. आपल्याच कायद्याचं कलम 4 बघा. उशिरा शाळेत आलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, अशी तरतूद त्यात आहे. हाच हक्क वर्गाची भाषा न येणाऱ्या मुलालाही द्या. रोज एक तास, पहिली दोन वर्षं. आणि 2020 च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची केलीच आहे, तर त्या मराठीच्या बाईंना या तासाला बसवा. मराठी घरातल्या पोराला निदान प्रश्न तरी विचारता येईल!

बाकी हिंदी पहिलीपासून की पाचवीपासून, यावर भांडायला आपण मोकळे आहोतच.