नावातलं सत्याहत्तर

सौदी अरेबियातल्या अल-खोबरमध्ये बारावीची परीक्षा संपली की मुलं पांगायला लागतात. कुणी पुण्याला जातं, कुणी कोचीला, आणि खार्टुमला परतणं शक्य नाही म्हणून कुणी कैरोला. आम्हा परदेशी कुटुंबांचं इथलं आयुष्य इकाम्याच्या, म्हणजे निवास परवान्याच्या, मुदतीवर चालतं आणि मुलांची मैत्री शाळेच्या वर्षावर. ‘फायनल एक्झिट’, म्हणजे देश कायमचा सोडणं, हे दोन शब्द इथल्या मराठी घरांत इतके रुळलेत, की आमच्या लेकीला ते ‘शाळा’ आणि ‘सुट्टी’ यांच्या बरोबरीनं कळले.

ती बास गिटार वाजवते. ड्रमवर सुदानी मुलगा, कीबोर्डवर केरळची मुलगी आणि गिटारवर इथलाच सौदी मित्र. त्याचं घर गावातल्या अक्रबिया भागात आहे. घरच्यांनी मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, मागची खोली मुलांना दिलीय, गुरुवारी संध्याकाळी चौघं तिथं जमतात. मी तिला आणायला जातो तेव्हा गाडीचं दार उघडण्याआधी बास ऐकू येतो. भिंतीतून आधी तोच झिरपतो.

ही मुलं फंक वाजवतात. लेकीनं मला ते माझ्या भाषेत समजावलं. “बाबा, तू सम म्हणतोस ना, तसं. पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी उतरायचं, मग पुढच्या मात्रांत जो तो आपापली जागा शोधतो.” जेम्स ब्राऊन आपल्या वादकांकडून हेच मागायचा: पहिल्या मात्रेवर जोर द्या. 1967च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये ते स्पष्ट दिसतं. सूर जवळजवळ हलतच नाही, सगळी हालचाल ठेक्यात असते. गिटारही तिथं तालवाद्य होते. ढोलकीवर वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. लावणीतही ढोलकी काही वेळा अशी बोलते, की शब्द नसले तरी चालेल.

एकदा तिनं विचारलं, “आपल्याकडे असं कुणी वाजवलं का?”

मी तिला ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’बद्दल सांगितलं. सत्तरच्या दशकातला हा मुंबईचा बँड. म्होरक्या कीथ कांगा, तोही बास वाजवणारा, हे कळल्यावर ती जरा सरसावून बसली. गायक मधुकर चंद्र धस. अलेक पदमसींनी 1974मध्ये मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ उभं केलं, त्यात येशू झालेला हाच. ज्यूडास होता आपला नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा. पुढं जब्बार पटेलांनी पुलंचं ‘तीन पैशाचा तमाशा’ बसवलं तेव्हा रॉकचा तो गळा मराठी रंगभूमीवर आला, आणि पुण्या-मुंबईतल्या एका पिढीला कळलं की मराठी अशीही गाता येते. नंदू भेंडे 2014मध्ये गेले. त्यांच्याबद्दल मराठीत जितकं लिहिलं जायला हवं होतं, तितकं अजून लिहिलेलं नाही, असं मला वाटतं.

त्या काळी परदेशी अॅम्प्लिफायर आणि गिटारी आणणं म्हणजे जबर आयातशुल्क. शिवाय सिनेमाबाहेरच्या इंग्रजी गाण्यासाठी ध्वनिमुद्रण कंपनीनं पैसे का घालावेत, हा प्रश्न होताच. बँड रात्री क्लबांत वाजवायचे. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये 1972 साली ‘लेड झेपलिन’चे पेज आणि प्लँट येऊन वाजवून गेले, ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. पण क्लबातलं वादन पहाटे संपायचं आणि तिथंच विरायचं.

अॅटॉमिक फॉरेस्टची एकच तबकडी निघाली, पहिली आणि शेवटची. नाव ‘ऑब्सेशन ’77’. बाजारात ती आली 1981मध्ये, आणि तोवर बँड उरला नव्हता. नावात सत्याहत्तर, विक्रीला एक्याऐंशी. मधल्या वर्षांत जगाची चाल बदलली. आदल्याच वर्षी ‘कुर्बानी’ येऊन गेला होता, त्याच 1981मध्ये नाझिया हसनचं ‘डिस्को दीवाने’ आलं आणि देश त्या तालावर नाचत होता. फुटलेल्या बँडची फंक तबकडी कुणी शोधत दुकानात गेलं नसणार. तीसेक वर्षांनी लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’नं ती पुन्हा काढली, तेव्हा ज्यांचा मुंबईशी काही संबंध नव्हता त्यांनीही ती घेतली.

मी ती पहिल्यांदा नीट ऐकली ती किंग फहद पुलावर, बहरीनला जाताना. पंचवीस किलोमीटरचा हा पूल 1986मध्ये सुरू झाला. मधल्या बेटावर पासपोर्टची रांग लागते. सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. त्या रांगेत शीर्षकगीत लागलं. दोन्ही बाजूंना निळंहिरवं पाणी, एसी पूर्ण उघडलेला आणि गाडीत मुंबईच्या पोरांनी पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी धरलेला ठेका. लेक शेजारी होती. तिची बोटं मांडीवर चालू होती. एका जागी ती थांबली, गाणं मागं घेतलं, पुन्हा ऐकलं. “इथं तो वाजवत नाहीये,” ती म्हणाली. “थांबलाय. म्हणून पुढचं येतं.” मला तोवर ती रिकामी जागा ऐकूच आली नव्हती.

मग तिनं विचारलं, “बँड तुटल्यावर तबकडी आली, तर ती दुकानात पाहून त्यांना काय वाटलं असेल?”

मला उत्तर देता आलं नाही. पण तेव्हापासून मी तिच्या मागं लागलो की तुमचं काहीतरी रेकॉर्ड करून ठेवा. चांगलं जमल्यावर करू, असं ती म्हणायची. मी म्हणालो, जमेपर्यंत एकानं कैरोचं विमान पकडलेलं असेल. या पूर्व प्रांतात ‘साउंड ऑफ रुबी’सारख्या बँडनं 1996पासून बंद दारांमागं रॉक वाजवलं. सार्वजनिक मैफली नव्हत्या, सिनेमागृहंही 2018मध्येच परत उघडली. त्यांनीही सोयीच्या दिवसाची वाट पाहिली नाही.

शेवटचा पेपर मंगळवारी झाला. गुरुवारी चौघं त्या खोलीत दुपारपासून बसली. गालिच्यावर गिटारच्या वायरी, कोपऱ्यात काहवाचा थर्मास, मित्राच्या आईनं पाठवलेले खजूर. फोन नव्हे, कुणाकडून तरी मागून आणलेला चांगला माइक. पाच गाणी, त्यातलं एक बिनशब्दांचं. चौथ्या गाण्यात ड्रमरची काठी निसटून फरशीवर पडते, तो आवाज तसाच ठेवायचा असं त्यांचं ठरलं. मी बाहेर गाडीत दोन तास बसलो होतो, मगरीबची अजान झाली तेव्हा मुलं थांबली आणि अजान संपल्यावर पुन्हा पहिल्या मात्रेवर एकत्र उतरली.

रात्री घरी आल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. फाइलला नाव द्यायचं होतं. बँडला नाव अजून नाहीच, चौघांचं एकमत होत नाही. तिनं थोडा विचार करून त्या गुरुवारची तारीख लिहिली, दिवस, महिना आणि वर्ष, आणि ती फाइल तिघांना पाठवून दिली.